अर्धा ठिपका

आमच्या अहेरीत कोणी नवीन फोन घेतला की पोचुभाऊच्या दारावरून जायचं टाळायचा. लांबच्या गल्लीनं घरी जायचा. पण काही उपयोग व्हायचा नाही. पोचुभाऊ ओट्यावर बसलेला असायचा आणि नव्या फोनवाल्याची चाल त्याला अर्ध्या रस्त्यावरून ओळखू यायची. "थांब गा," म्हणायचा. "खिशावर हात ठेवून चालून राह्यला, म्हणजे नवा हाये. आण इकडं." आणि घरात तोंड करून हाक मारायचा, "मैना! ये वो बाहीर. पेपर हाये!"

मैनाबाई म्हणजे त्याची बायको. हातातलं पीठ पदराला पुसत ती यायची, दारातल्या खुर्चीवर बसायची आणि हनुवटी वर करायची. "काढा बापा," म्हणायची. "माह्या तोंडाची परीक्षा अजून किती वर्ष चालनार हाये काय माहीत."

मी त्यांची शेजारीण, सुमन. अंगणवाडीत सेविका होते, आता घरी असते. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, म्हणून माझं लिहिणं म्हणजे बोलणंच आहे. मधेच भरकटले तर सांभाळून घ्या.

पोचुभाऊच्या पुढच्या खोलीत आधी फोटो स्टुडिओ होता. दाखला, राशनकार्ड, परीक्षेचा फॉर्म, काहीही असो, अहेरीतली माणसं सरकारला दिसायची ती पोचुभाऊनं दाखवली तशी. "मान सरळ. श्वास सोड. पोलिसानं धरल्यासारखा नको बसू," असं तो प्रत्येकाला सांगायचा, आणि तेवढं ऐकूनच माणूस आखडून जायचा. मग ज्याच्या त्याच्या हाती फोन आले. लोक आपले आपणच फोटो काढायला लागले आणि स्टुडिओ बसला. 'पाच मिनिटात पासपोर्ट फोटो' अशी बाहेर पाटी होती. पोचुभाऊनं तिला काळा रंग फासला आणि तिचा फळा केला. त्यावर खडूनं तो फोनचे नंबर लिहायचा.

नंबर फोनच्या कॅमेऱ्याचे, पण कंपनीचं नाव कुठंच नाही. 'पहिला नंबर, मास्तरची सून कल्पना. दुसरा, एसटीचा कंडक्टर. तिसरा, सुमनबाई.' त्याखाली आडवी रेघ, आणि रेघेखाली 'नापास' असं लिहून बाकीच्यांची नावं. आमचा गिरणीवाला रेघेखाली गेला तर पंधरा दिवस बोलला नाही. त्याच्या बायकोनं दळणासाठी आलेल्या बायकांना सांगितलं, "आमचे हे नापास नाई झाले, फोन झाला." मी तिसरी होते. खोटं कशाला सांगू, फळ्यासमोरून जाताना मी जरा हळूच चालायची.

मी एकदा विचारलं, "भाऊ, कंपनीचं नाव काऊन नाई लिहत?"

"कंपनी फोन बनवते, बाई. फोटो माणसाचा हात काढते. एकाच कंपनीचे दोन फोन आणून दे. एक कल्पनाच्या हातात दे, एक गिरणीवाल्याच्या. मंग पाह्य."

आता परीक्षा कशी ते सांगते. मैनाबाई भामरागडकडच्या गावातली. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद झाला की तिचं माहेर महिना महिना तिला भेटायचं नाही. तिच्या कपाळावर गोंदणाची उभी रेघ आहे आणि हनुवटीवर ठिपके. ठिपके पाच काढायचे होते. लहानपणी गावातली म्हातारी सुईनं टोचत होती. चार झाले, पाचवा सुरू झाला आणि मैनाबाई म्हातारीच्या हाताला कडकडून चावली आणि पळाली ती थेट नदीवर. पाचवा ठिपका अर्धाच राहिला. अजून आहे, चंद्राच्या कोरीएवढा, फिका.

चार वाजताच्या उजेडात फोनवाल्यानं तिचा फोटो काढायचा आणि पोचुभाऊनं फोटोतले ठिपके मोजायचे. तो म्हणायचा, "साडेचार दिसले पाह्यजे. चार दिसले त फोन आंधळा. पाच दिसले त फोन लबाड."

हे सगळं सुरू झालं ते मोबाईल दुकानवाल्या रवीमुळं. त्यानं एक फोन आणला होता, जगात पहिल्या नंबरचा म्हणे. त्यावर मैनाबाईचा फोटो काढला. गोरीपान बाई निघाली, गाल गुळगुळीत. कपाळावरची रेघ गेली, ठिपके गेले, डोळ्याखालच्या सुरकुत्याही गेल्या. पोचुभाऊ कितीतरी वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हे कोन हाये?"

मैनाबाईनं वाकून पाहिलं. "असंल तुमच्या मावशीची पोरगी. माह्या लग्नाच्या आधी तिचीच गोष्ट चालली होती ना."

रवी म्हणाला, "भाऊ, चेहरा सुंदर करायचं बटण चालू राह्यलं होतं. आता बंद केलं." पुन्हा काढला. रेघ आली, पण धुतल्यासारखी. अर्धा ठिपका नाहीच.

"दहा लोकाईनं व्हिडिओ केले या फोनचे," रवी म्हणाला. "दहाच्या दहा म्हणते एक नंबर. ते काय येडे हायेत?"

"त्या दहाइच्या समोर कोन बसलं होतं ते सांग. काचेच्या घरातली गोरी पोरगी बसली होती. तिच्या तोंडावर काई लिहिलेलंच नाई, त पुसलं गेलं हे समजन कसं त्याइले?" पोचुभाऊ आवाज चढवत नाही. पासपोर्ट फोटो काढताना बोलायचा तसाच बोलतो. "आनि त्याले फोन देते कोन? कंपनीच देते. दर महिन्याले नवा फोन एक नंबर. मंग मागच्या महिन्याचा एक नंबर कुठी गेला गा?"

तेव्हापासून लोक फोन घेण्याआधी फळा पाहायला लागले. भामरागडची एक नर्सबाई तर पावसाळ्याआधी मुद्दाम वाट वाकडी करून आली. जखमेचे फोटो डॉक्टरला पाठवायचे असतात, म्हणाली, त्यात रंग खरा दिसला पाहिजे. पोचुभाऊनं तिला चहा पाजला, आणि त्या दिवशी तो जेवताना दोनदा हसला, असं मैनाबाईनं मला सांगितलं. स्टुडिओ बंद झाल्यापासून त्याच्या दाराशी माणूस थांबायचा तो त्या फळ्यामुळंच. हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

पावसाळा संपला आणि फळ्यावरचे नंबर घसरायला लागले. आधी माझा गेला. तिसऱ्यावरून एकदम रेघेखाली. मी भांडायला गेले.

"भाऊ, फोन तोच, हात तोच. मी काय बिघडली?"

"तू नाई बिघडली, बाई. कंपनीवाले रातोरात वरून काई तरी धाडते फोनमदे. नवा घ्यावा म्हणून जुना बिघडवते. चारच ठिपके दिसून राह्यले."

मग कंडक्टर गेला. नवे फोन तर आल्या आल्या नापास. दिवाळीपर्यंत रेघेच्या वर एकटी कल्पना उरली, तीही तिचा फोन पुन्हा तपासला नव्हता म्हणून. लोक रवीच्या दुकानात जायचे आणि हात हलवत परत यायचे. एका बाजाराच्या दिवशी रवी तणतणत ओट्यावर आला. मागे दहा-बारा माणसं गोळा झाली.

"भाऊ, तुमी नेटवाल्याले म्हणता, तुले नंबर द्याले कोणं नेमलं. मंग तुमाले कोणं नेमलं? तुमचा नंबर कोन तपासते?"

पोचुभाऊनं थोडा विचार केला. प्रश्न त्याला पटलेला दिसला. "बरोबर बोलला तू. तपास. चार लोकाईसमोर तपास. मी खोटा निघालो त हा फळा मी माह्या हातानं उतरवतो."

पंच मला केलं. का, तर माझा चष्मा नवा होता आणि मी रेघेखाली असल्यामुळं कोणाचीच बाजू घेणार नाही असं ठरलं. चार वाजले होते. दारातला उजेड पोचुभाऊला आवडतो तसा, सरळ तोंडावर पडणारा. मैनाबाई खुर्चीवर बसली, हनुवटी वर केली.

रवीनं नव्या फोननं फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. चार ठिपके, आणि पाचवा अर्धा. इतका स्पष्ट की त्याची तुटलेली कड दिसत होती. मी फोन पोचुभाऊकडं दिला. त्यानं तो नाकाजवळ नेला. लांब धरला. दोन बोटांनी ताणून ताणून नुसती हनुवटी काचभर केली.

"चार," तो म्हणाला. "नापास."

रवी हसला. "बाई, सांगा आता."

मी सांगणार तेवढ्यात रवीला अजून जोर चढला. गर्दीत कल्पना उभी होती. तिच्या हातून त्यानं फोन घेतला, मैनाबाईचा उन्हाळ्यातला फोटो शोधून काढला आणि पोचुभाऊपुढे धरला. "आनि ह्याच्यात किती हाये?"

पोचुभाऊनं तोही ताणला. "ह्याच्यातबी चारच. हाबी गेला."

कल्पना म्हणाली, "बाबाजी, पण हा तोच फोटो आहे. ह्याच फोटोला तुम्ही पहिला..." आणि ती थांबली.

फोटो तर बदलत नाही. उन्हाळ्यात त्यात साडेचार ठिपके होते आणि ते मोजणारा हाच माणूस होता. मैनाबाई तशीच हनुवटी वर करून बसलेली. "झालं काय?" तिनं विचारलं. "उठू मी?"

रवी जिंकला होता. दहा-बारा माणसांसमोर जिंकला होता. त्यानं फोन खिशात घातला आणि वर पाहिलं. "आज उजेडच कमी हाये, भाऊ," तो म्हणाला. "ढग आले. अशा उजेडात कोनाचंच खरं नाई. फळा राहू द्या."

पोचुभाऊनंही वर पाहिलं. "हो," म्हणाला. "ढग हायेत."

त्या दिवशी आभाळ अगदी कोरडं, निळं होतं.

मी मैनाबाईला आत नेलं. चुलीपाशी ती सावकाश बोलायला लागली. "मले पोळ्यापासून माहीत हाये, बाई. समोरून मानूस आला की मी आधी नाव घेते. 'अवो, गिरणीवाले भाऊ आले.' मंग हे त्याच्याशी बोलते. नाई त चूपच राहते. तांदूळ निवडून देत होते, त आता त्यातले खडे तसेच येते. मी चूप खाते."

"मंग बोलली काऊन नाई?"

"कसं बोलू? चार वाजता माह्यासमोर बसून फोनमदे मलेच शोधते तो मानूस."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं एसटीनं चंद्रपूरला गेलो. डॉक्टरीणबाईनं डोळ्यात औषध टाकून बसवलं, मशीनवर पाहिलं. साखरेनं डोळ्यामागचा पडदा खराब झाला होता. म्हणाली, डोळ्यात सुया देऊ, साखर सांभाळा, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येईलच असं मी सांगणार नाही. पोचुभाऊनं मान हलवली, जसं काही तिनं त्याला कॅमेऱ्याचीच माहिती सांगितली.

परतीच्या गाडीत आलापल्लीला त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "बाई, सगळे फोन एकाच वेळी कसे बिघडतीन, हे माह्या डोक्यात काऊन नाई आलं?"

"येते कोनाच्या डोक्यात असं?"

"मी कंपनीले चोर म्हणत होतो." मग थोड्या वेळानं, "गिरणीवाल्याचा फोन मातर खरंच नापास होता हो. तो नंबर उन्हाळ्यातला हाये."

सकाळी मी अंगण झाडायला उठले तर पोचुभाऊ फळ्याशी उभा. नाक फळ्याला टेकेल इतका जवळ. ओळी वाकड्या आल्या होत्या, पण अक्षर तेच जुनं टपोरं. 'पावसाळ्यानंतर दिलेले सर्व नंबर चुकीचे आहेत. चूक फोनची नाही, माझ्या डोळ्याची आहे. कंडक्टर, सुमनबाई आणि रवीचे सर्व फोन यांची माफी. पोचू.' येणारे जाणारे थांबून वाचत होते. रवीनं दुकानाचं शटर अर्धं उघडलं, वाचलं, आणि तसाच खाली बसून राहिला. इतके नंबर देणारे मी आता फोनवर पाहते, नातू दाखवतो. असं लिहिणारा एकही सापडला नाही.

मग त्यानं फळा उतरवला. तपासात खोटा निघालो तर उतरवीन म्हणाला होता. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं, रवीनं सगळ्यांत जास्त.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. मलाही वाटलं होतं, आता चार वाजता ती खुर्ची रिकामी राहील. परवा मी दही द्यायला गेले. खुर्ची दारातच होती. मैनाबाई बसलेली, हनुवटी वर. समोर पोचुभाऊ, गुडघ्याला गुडघा लावून, तोंड तिच्या तोंडापाशी नेऊन बसला होता. हातात फोन नव्हता.

"आता कोनता पेपर, भाऊ?" मी विचारलं.

तो वळला नाही. "पाठ करून राह्यलो, बाई," म्हणाला. "दिसते तोवर करून घेतो."

"चाळीस वर्ष झाले घरात," मैनाबाई म्हणाली, मान न हलवता. "अजून पाठ नाई झालं या मानसाले."

आणि ती तशीच बसून राहिली, उजेडाकडं तोंड करून, त्याचं होईपर्यंत.