वरनं काढलेलं घर

"एकदा घर वरनं दाखवलं की गिऱ्हाईक गारच!" पारस छाती फुगवून सांगायचा. बांधायच्या आधीच बंगल्यांची चित्रं काढून देणं हा त्याचा धंदा. आकाशातनं पाखरू बघतं तसं घर काढण्यात कोल्हापुरात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी त्याची खात्री! अशी खात्री माणसाला कधी ना कधी गोत्यात आणतेच.

एक दिवस गल्लीतल्या आक्का आल्या. नवरा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि विजयसिंह आणि आदर्श, दोन्ही पोरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

"जोडबंगला बांधायचा हाय. मधी एकच अंगण. चित्र बघून दोघं हरखली पायजेत बघ, न्हाईतर मोडलं माझं घर," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

पारसला गलबलून आलं. आठ दिवस खपून त्यानं चित्र काढलं आणि भावांसमोर ठेवलं.

"दादाचं घर हत्तीएवढं, माझं शेळीएवढं!" आदर्श कडाडला.

"अहो, दोन्ही सारखीच हायती. लांबचं बारीक दिसतं."

"मग माझंच लांब का?"

आता ह्याचं उत्तर कुठल्या कॉलेजात शिकवतात? पारसनं गुमान दुसऱ्या बाजूनं चित्र काढलं. तर थोरला पेटला!

"धाकट्याला म्होरं घेतलंस व्हय? काय चारलं त्यानं तुला?"

शेवटी पारसनं डोकं चालवलं आणि घर थेट माथ्यावरनं, सरळ खाली बघून काढलं. नुसत्या दोन गच्च्या. भावांनी पट्टी लावून मोजलं. तंतोतंत सारखं! राहिलं फक्त मधलं अंगण.

"मधनं भिंत घाल," विजयसिंह म्हणाला.

"व्हय, चांगली उंच घाल की!" आदर्श म्हणाला.

बाप गेल्यापासून पहिल्यांदाच भावांचं एकमत झालं! पारसला एवढा आनंद झाला की त्यानं तिथल्या तिथं रेघ ओढली. चहा आला. दोघं भाऊ एका बाकावर बसून प्याले.

आक्कांनी चित्र जवळ ओढलं. बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिल्या.

"पारस, बाबा, ह्यात मी कुठल्या बाजूला?"

विजयसिंहानं आदर्शकडं बघितलं. आदर्शनं मोबाईल काढला. काहीतरी बोलायला हवं म्हणून पारस बोलून गेला,

"आक्का, एवढ्या वरनं माणसं दिसत न्हाईत."