थोरल्या दिरांची बेस गिटार

आमचे थोरले दीर माझ्याशी कधी बोलत नसत, पण माझ्या शिलाई मशीनशी रोज बोलत. दाराच्या चौकटीत उभे राहून, आढ्याकडे बघत विचारायचे, "मशीनबाई, आज मोकळ्या हाय का?" मी पदर पुढे ओढून मशीनकडेच बघत म्हणायची, "एवढं झंपर झालं की मोकळी हाय." मग ते मशीनला सांगायचे, "घाई न्हाई." आणि तिथेच उभे राहायचे. म्हणजे घाई आहे, हे मला कळायचं.

थोरल्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोनं तोंडावर बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. त्यातून जो तो आपली वाट काढतो. कोणी पोरांना मध्ये घालतं, कोणी भिंतीशी बोलतं. आण्णांनी मशीन निवडली. आण्णा म्हणजे हेच दीर. एकदा मी तापानं निजले होते, तर बाहेरून आवाज आला, "मशीनला बरं न्हाई म्हणं. गोळी ठेवलीया उंबऱ्यावर. पाण्यासंगं घ्यावी." माझे मालक आतून हसले, "आण्णा, मशीनला तेल लागतं, गोळी न्हाई." पण गोळी मी घेतली.

त्यांना मशीन लागायची ती शिवायला नव्हे. बॉबिन भरायची जी खुंटी असते, तिच्यावर ते एक छोटी लाकडी चौकट बसवायचे. चौकटीत फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक असायचं आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची असायची. मी चाक फिरवायची, ते चिमटीत तार धरायचे. हात जरा जोरात गेला की तार तुटायची. मग ते "च्च" करायचे, तेही मशीनकडे बघून. हे वेटोळं गिटारीच्या तारांखाली बसवलं की ते तारेची थरथर उचलतं आणि भोंग्यात नेऊन पोचवतं, असं त्यांनी एकदा मशीनला नीट समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं.

आण्णा फौजेत वायरलेसवर होते. बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शनीत आले आणि तासगावला एस.टी. स्टँडच्या मागे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक टेबल आणि पोट फाडलेले रेडिओ. गिऱ्हाइकानं रेडिओ आणला की ते तो कानाशी न धरता छातीशी धरायचे आणि डोळे मिटायचे. "कान फसवतो. छाती फसवत न्हाई," असं म्हणायचे. लोकांना वाटायचं, माणूस रेडिओला मिठी मारतोय.

त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ. तिला आम्ही अक्का म्हणायचो. आण्णा फौजेतून आले त्याच वर्षी अक्कांना विषमज्वर झाला. ताप गेला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मिरजेला नेलं, डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि हात हलवला. लेक आधीच लग्न होऊन सासरी गेलेली. अक्का पूर्वी फार बोलायच्या. चुलीपाशी त्यांचं तोंड आणि उलथनं बरोबर चालायचं. आता घरात सगळे हसले की त्या आधी आमच्या तोंडांकडे बघायच्या, मग हसायच्या. पुढे पुढे तेही सोडलं.

एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानं म्हणाल्या, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता, "मी औंधला जाती भावाकडं. हितं खांबावानी बसायचं, ते तितं बशीन. यमाईच्या पायऱ्या तरी झाडाय मिळतील."

बोलून उपयोग नव्हता. आण्णांनी हात धुतला, त्यांच्या समोर येऊन बसले आणि ओठ मोठे मोठे करत म्हणाले, "एक वाद्य करतो. तुला कळंल असं. ते झालं की जा."

अक्कांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. झालं की जाईन."

ते वाद्य म्हणजे बेस गिटार. छावणीत गोव्याकडचा एक जवान ती वाजवायचा, म्हणे. चारच तारा, पण दोरीएवढ्या जाड. आण्णा त्याच्या भोंग्याच्या पेटीजवळ उभे होते, तर आवाज कानात यायच्या आधी छातीत आला आणि हातातल्या पेल्यातलं पाणी थरथरलं. तेवढं एक त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

गिटार करताना त्यांनी कोणाला विचारलं नाही, कारण विचारावं असं कोणी तासगावात नव्हतंच. मिरजेच्या सतारवाल्यांकडून तुणाचं लाकूड आणलं. त्यातल्या एकानं विचारलं, "भोपळा कसा देऊ?" आण्णा म्हणाले, "भोपळा नको. फळीच पायजे." सतारवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक अर्धवट आहे. तारांसाठी आधी स्कूटरच्या क्लचची तार लावली. ती वाजण्याऐवजी बोटं कापायची. माझ्या मालकांच्या सायकलचा ब्रेक लागेना, तेव्हा कळलं की त्याचीही तार आता गिटारीवर आहे.

शेजारचे तात्या रोज कुंपणापाशी येऊन चौकशी करायचे.

"आण्णा, काय म्हणत्यात हिला?"

"बेस."

"बेस हाय ते दिसतंयच. पर नाव काय?"

"नाव बेस."

"नाव बेसच ठेवलं असंल की. पर वाजती कशी?"

"बेस वाजती."

"ते आमी ठरवू का तुमी, गड्या?"

आण्णा तापट नव्हते, पण त्या दिवशी रंधा खाली ठेवून घरात निघून गेले. पुढे तात्यांनी तक्रार केली, की गिटार सुरू झाली की त्यांची म्हैस पान्हा चोरते. आण्णा म्हणाले, "म्हशीला कळतंय म्हंजे काम वळणावर हाय."

पहिली गिटार झाली त्या दिवशीचं मला अजून आठवतं. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह घालून त्यांनी आवाजाची एक लाकडी पेटी केली होती, खोक्याएवढी. ती सोप्यात ठेवली. अक्कांना हाताला धरून आणलं. गिटार गळ्यात अडकवून, लग्नात हार घालायला उभा राहिलेला नवरा दिसतो तसे ते उभे राहिले आणि गिटारीवर बोट ठेवून ओठ मोठे करत म्हणाले, "बेस!"

अक्कांनी ओठ वाचले. त्यांना "बैस" दिसलं. इकडे तिकडे बघितलं आणि समोर ती पेटी होती, तिच्यावरच त्या बसल्या.

मी "अगं बाई" म्हणाले. माझे मालक धावले. पण आण्णांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांत जाड तार छेडली. आमच्या फळीवरची पितळी भांडी गुणगुणली. मांजर उठून गेलं. अक्का पेटीवर मांडी घालून बसल्या होत्या, तशाच राहिल्या.

आण्णा त्यांच्यापुढे उकिडवे बसले. खिशातला चष्मा काढून लावला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रेडिओच्या पोटात बघायचे, त्याहून बारीक बघत होते. "कळलं?"

अक्कांनी मान हलवली. नाही.

"मग सूर अजून खाली न्यायला पायजे," आण्णा म्हणाले आणि तारा सोडवायला लागले.

त्यानंतर ती गिटार किती वेळा जुळली आणि किती वेळा मोडली, ते सांगता येणार नाही. आवाज खाली न्यायचा म्हणून मान लांब केली, तर ती दारातून निघेना. मग खिडकीतून मान बाहेर काढून वाजवायचे आणि तिच्यावर कोंबडी येऊन बसायची. मान पुन्हा आखूड केली. मानेवरच्या पितळी पट्ट्या काढल्या, पुन्हा ठोकल्या. लोहचुंबकं बदलली, तारेवर तार गुंडाळली. प्रत्येक खेपेला मशीनबाईंना निरोप यायचा, प्रत्येक खेपेला अक्का पेटीवर बसायच्या. आण्णा समोर उकिडवे, चष्मा लावून. "कळलं?" नाही. औंधचा भाऊ दोनदा न्यायला आला आणि दोन्ही खेपेला अक्कांनी त्याला जेवायला वाढून परत लावलं. "ह्येंचं काम हुयाचं हाय अजून," असं ओरडून सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडी सांगलीचा एक मुलगा आला. ऑर्केस्ट्रात वाजवायचा. लांब कल्ले, पायात घंटेसारखी पँट. माझ्या मालकांनीच त्याला आणलं होतं, आण्णांचं कौतुक व्हावं म्हणून. मी दाराआड धान्य निवडत होते. अक्का नेहमीप्रमाणे पेटीवर बसल्या होत्या, मांडीवर तांदळाचं सूप घेऊन, कारण रिकामं बसणं त्यांना जमायचं नाही.

त्या मुलानं गिटार उलटी सुलटी पाहिली, मान पाहिली आणि वाजवायला लागला. आण्णा नुसती तार छेडायचे, त्यांना वाजवता येत नव्हतं. हा मुलगा चालवत होता. तुणाच्या त्या फळीतून असा आवाज निघेल असं आम्हाला कोणाला वाटलं नव्हतं. तात्या म्हैस सोडून कुंपणापाशी आले आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

मुलगा थांबला. "काका, फॉरेनच्या गिटारीला मागं सारंल अशी झालीय ही. मला द्या. गणपतीत सांगलीला वाजवतो, तुमचं नाव पुकारायला लावतो."

आण्णांनी अक्कांकडे बघितलं. खाली बसले, चष्मा लावला. "कळलं?"

अक्कांनी मान हलवली.

"बघितलंत?" आण्णा उठत म्हणाले. "झाली न्हाई अजून."

"अहो काका, त्यांना ऐकूच येत नाही म्हणं!"

"व्हय की. म्हणून तर."

आणि त्यांनी गिटार त्या मुलाच्या हातातून हळूच काढून घेतली आणि तिच्या खुंट्या ढिल्या करायला लागले. माझे मालक कपाळाला हात लावून बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते. इतकं काम फुकट गेलेल्या माणसाचं तोंड पडायला हवं. आण्णांचं पडलं नव्हतं. परीक्षा पुढे ढकलली असं कळलेल्या पोरासारखं ते दिसत होतं.

पण मी दुसरंही बघितलं होतं. मुलगा वाजवत होता तेव्हा अक्का सूप पाखडत होत्या, आणि सूप त्याच्या ठेक्यावर हलत होतं. तो संथ झाला की सूप संथ. तो भरभर गेला की तांदूळ भरभर उडत होते.

चार दिवस मी ते मनात ठेवलं. मला कोणाला काही विचारायची सवय नाही. आम्ही दोघी तेव्हा मळ्यातल्या शेडवर बेदाण्याच्या काड्या काढायला जायचो. बाकीच्या बायका पाणी प्यायला उठल्या, तेव्हा मी अक्कांच्या पुढे सरकले आणि ओठ मोठे करून विचारलं, "तुमाला कळतं न्हवं?"

अक्कांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि पार द्राक्षाच्या बागेत, दुसऱ्या टोकाला नेलं. हळू बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून एवढं लांब.

"पहिल्याच दिवशी कळलं," त्या ओरडल्या. वेलीवरची पाखरं उडाली. "बुडापास्न पार छातीपतुर आलं. रडूच येत हुतं मला."

"मग न्हाई का म्हणता?"

त्यांनी बोटांना लागलेला बेदाण्याचा चिकटा पदराला पुसला. बराच वेळ पुसला.

"लगीन झालं, ह्ये फौजंत गेलं. सुट्टीवर यायचं, तर रेडिओत डोस्कं. पेन्शनीत आलं, तरी त्येच. आता म्होरं बसत्यात. चष्मा लावून माझ्या तोंडाकडं बघत्यात. येवढं कुणी बघितलं न्हवतं गं माझ्याकडं." मग म्हणाल्या, "व्हय म्हटलं, तर उठून जातील की."

त्यांनी नंतर तो विषय काढला नाही.

दिवस मावळायला आम्ही घराकडे निघालो. ओढा ओलांडला आणि मला तो आवाज ऐकू आला. तार पुन्हा चढवली होती. आण्णा एकच सूर परत परत काढून बघत होते. अक्कांना एवढ्या लांबून कळण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्या हाताला हात लावला आणि घराकडे बोट दाखवलं.

त्या थांबल्या. पाण्याच्या पाटावर वाकून त्यांनी तोंड धुतलं, मानेवरचा घाम पुसला, केस मागे सारले आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "कुकू सरळ हाय का बघ."

सरळच होतं. तरी मी बोटानं जरा नीट केल्यासारखं केलं.