लाल चड्डीवाला

टीव्हीवरच्या बॉक्सिंगमध्ये शालिग्रामला हरवणारा माणूस लोणारात अजून जन्मायचा होता, असं खुद्द शालिग्रामचं मत होतं. कय्यूमच्या दुकानातून तो टीव्ही गेम भाड्याने आणायचा आणि येईल त्याला ज्ञान पाजायचा. अंगावर धावून येणाऱ्याला अडवू नका, मागे सरा, हवेत हात मारून तो दमला की द्या ठेवून. लांबून टोचणाऱ्याच्या पोटाशी घुसा. आणि तोंड झाकून बसणाऱ्याला हूल द्या, हात खाली आले की जबडा मोकळाच!

दिवाळीला धाकटी बहीण पुष्पा पहिल्या दिवाळसणासाठी माहेरी आली. सोबत मोताळ्याचे जावई शेषराव. रुसण्यात हा माणूस भलता पटाईत. लग्नात मठ्ठा उशिरा वाढला म्हणून भरल्या ताटावरून उठला होता आणि सगळा मांडव त्याची मनधरणी करत बसला होता. त्यामुळे सण सुखरूप पार पडेपर्यंत शालिग्रामच्या आईच्या, सत्यभामाबाईंच्या, जिवात जीव नव्हता.

पुरण शिजेपर्यंत वेळ होता. शेषरावांची नजर टीव्ही गेमवर गेली आणि ते म्हणाले, होऊन जाऊ द्या एक डाव. आईने शालिग्रामला स्वयंपाकघरात ओढलं.

"जवाई हारले तर रुसून निंघून जातीन. मंग पुष्पीले तिथं वर्षभर ऐकून घ्या लागन. तू हार."

शालिग्रामच्या जिवावर आलं, पण बहिणीसाठी त्याने मान डोलावली. त्याचा गडी लाल चड्डीवाला, जावयांचा हिरव्या चड्डीवाला. शेषराव दिसेल ते बटण दाबत सुटले. शालिग्रामने लाल गड्याचे हात खाली सोडले आणि बिचाऱ्याला बुक्क्यांसमोर नेऊन उभा केला. तो आडवा झाला तेव्हा शालिग्रामने खुशीत जावयांकडे पाहिलं. जावयांचं तोंड पडलेलं होतं.

"घरी बोलावून असं बदडता का पाहुण्याले?" शेषराव उठले. "पुष्पा, पिशवी घे. बुलढाण्याची गाडी भेटन अजून."

आईने शालिग्रामकडे असं पाहिलं, की त्याला दुसरं घर शोधावंसं वाटलं. मी हरलोय, असं तो शपथेवर सांगू लागला.

"खोटं काऊन बोलतो बे?" शेषराव कडाडले. "माह्या लाल चड्डीवाल्याले उठू तरी देल्लं का तू?"

आता शालिग्रामच्या डोक्यात प्रकाश पडला. जावईबापू चालवत होते हिरव्याला आणि बघत होते लालकडे! पण हे सासरच्या माणसांसमोर त्यांना सांगायचं कोणी? सांगितलं असतं, तर पुढच्या कुठल्याच दिवाळीला ते फिरकले नसते. त्याने हात जोडले, चूक कबूल केली आणि अजून एका डावाची विनवणी केली.

आता लालला जिंकवायचं होतं, म्हणजे हातचा मळ! पण शेषराव रागाने बटणं बडवत होते. हिरवा अंगावर धावला म्हणून शालिग्राम मागे सरला, तर त्याने तोंड झाकून घेतलं. हूल दिली, तर तो लांबून टोचू लागला. लाल पोटाशी घुसला, तर त्याच्याच हनुवटीवर ठोसा बसला. स्वतःलाच ठाऊक नाही आपण काय करतोय, अशा माणसावर शालिग्रामकडे तोड नव्हती. लाल गडी कोसळला. शेषरावांचा हात पिशवीकडे गेला. शालिग्रामने सगळी विद्या गुंडाळून ठेवली आणि तोही आंधळ्यासारखी बटणं दाबत सुटला. लाल गडी धडपडत उठला, त्याचा एक ठोसा कसा कोण जाणे लागला आणि हिरवा आडवा झाला तो झालाच.

"पाह्यलं?" शेषरावांनी मांडीवर थाप मारली.

शालिग्रामने आत्ता कुठे श्वास सोडला. आईने पुरणपोळीवर तुपाची वाटीच उपडी केली. जेवताना जावईबापूंनी शालिग्रामला बॉक्सिंगचे धडे दिले आणि त्यानेही आनंदाने प्रत्येक घासाला 'हाव भाऊजी' म्हटलं. घरावरचं संकट टळलं होतं, त्यापुढे धडे काय चीज!

दुसऱ्या दिवशी स्टँडवर शेषराव खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला पळाले. पुष्पा भावाजवळ सरकली.

"दादा, त्यायचा हिरवाच होता न? मले पहिल्या डावातच समजलं होतं."

"मंग बोलली काऊन नाही? माहा जीव जाऊन राह्यला होता तिथं."

"बोलणारच होती. पण तुले मार खाताना पाह्यलं अन् वाटलं, खाऊ द्या अजून थोडा."