कान असलेली गाडी

आमच्या सुधावहिनी गाडीशी बोलतात. गाडी बंद पडल्यावर आपण सगळेच बोलतो आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, तसं नव्हे. वहिनी सकाळी व्हॅनचं दार उघडतात आणि विचारतात, "झाली का झोप? चला मंग." चढावर म्हणतात, "थोडंसंच राहिलं बाई, दम नको सोडू." दुपारी किल्ली काढताना, "आता पड निवांत." आणि हे सगळं मराठीत, जबलपुरात, जिथे भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत सगळे हिंदी बोलतात. कोणी हसलं तर त्यांचं एकच ठरलेलं उत्तर, "गाडीले कान असतात."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाची बायको. दादा गेला त्याला पाच वर्षं झाली. तो एका शाळेची व्हॅन चालवायचा; तो गेल्यावर तीच व्हॅन वहिनींनी हातात घेतली. गढा या आमच्या भागातल्या गल्ल्यांतून दहा-बारा पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी घरी पोचवायची. पोरं सगळी हिंदी घरातली, पण व्हॅनमध्ये कायदा मराठी. एकदा एक आई तक्रार घेऊन आली, "दीदी, हमारी गुड़िया घर में दादाजी को 'सरका, सरका' कहती है।" वहिनींनी गंभीरपणे विचारलं, "फिर? सरकते हैं कि नहीं?"

मागच्या हिवाळ्यात शाळेने ठरवलं की व्हॅन बंद करून बस घ्यायची. बसला हेवी लायसन लागतं. नवीन वर्ग सुरू व्हायच्या आत वहिनींनी ते काढलं तर बस त्यांची, नाहीतर दुसरा ड्रायव्हर येणार. वहिनींनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, महिनाभर ट्रक शिकल्या, आणि बाईंचा हात चांगला आहे असं शिकवणारा स्वतः म्हणाला. परीक्षेला गाडी मात्र आपली आपण न्यायची असते. स्कूलचा ट्रक होताच, तेव्हा प्रश्न मिटला असं मला वाटलं. मी विम्याच्या ऑफिसात कारकून आहे. मला प्रश्न फार लवकर मिटल्यासारखे वाटतात.

"त्या ट्रकनं मी परीक्षा देणार नाही," वहिनी म्हणाल्या. "बहिरा आहे तो. मास्तर दिवसभर बाजूला बसून ओरडतात. त्याले आता हळू बोललेलं ऐकूच येत नाही."

झालं. माझी स्कूटर, मागे वहिनी आणि पुढे सगळा जबलपूर जिल्हा.

पहिला ट्रक गढ्यातच मिळाला, रेती वाहणारा. वहिनींनी टायर पाहिले नाहीत की ब्रेक पाहिले नाहीत. ड्रायव्हरला सरळ विचारलं, "भैया, गाड़ी अड़ जाए तो उससे क्या कहते हो?" तो गडी लाजून माझ्याकडे बघायला लागला. "दीदी, आपके सामने कैसे बोलूँ?" वहिनी परत येऊन स्कूटरवर बसल्या. "चला भाऊजी. सात पिढ्यांचा उद्धार ऐकलेली गाडी, माझं काय ऐकणार?"

दुसरा ट्रक कुंडमला, लाकडं वाहणारा. मालक भला माणूस, म्हणेल त्या दिवशी गाडी द्यायला तयार. ड्रायव्हर म्हणाला, मी गाडीशी काहीच बोलत नाही, मी गाणी लावतो. केबिनमध्ये परातीएवढाले दोन स्पीकर होते. वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून दोन मिनिटं बसल्या आणि उतरल्या. "मुकी आहे बिचारी. हिच्याशी कोणी बोललंच नाही कधी."

परतताना माझं डोकं फिरलं. रस्ता जंगलाचा, पोटात कावळे आणि खिशात रजेचा नामंजूर अर्ज. "वहिनी, परीक्षा आपकी है, ट्रक की नहीं!" मी ओरडलो. "तुमाले नाही समजायचं," मागून उत्तर आलं. मला वाटलं, बाई परीक्षेला घाबरली आहे आणि खापर ट्रकांवर फोडते आहे. घरी येऊन बायकोजवळ मी हे तिखटमीठ लावून सांगितलंसुद्धा.

तिसरा ट्रक शहपुऱ्याला. मटाराचा हंगाम संपला होता आणि मंडीबाहेर ट्रक नुसते उभे होते. रामचरण नावाचा म्हातारा ड्रायव्हर आपल्या ट्रकची काच पुसत होता. वहिनींनी आपला प्रश्न टाकला. तो म्हणाला, "क्या कहेंगे बहनजी? कहते हैं, चल बिटिया, घर चलें।"

"हीच," वहिनी म्हणाल्या.

मी कागद मागितले. सगळं होतं, फक्त फिटनेस सर्टिफिकेटची मुदत संपलेली. परीक्षेला नऊ दिवस. मी कपाळावर हात मारला, कुंडमचा ट्रक अजून मोकळा असेल म्हणून हात जोडले. वहिनी ढिम्म हलल्या नाहीत. रामचरणने मालकाच्या मागे लागून लागून अखेर परीक्षेच्या आदल्या दिवशी फिटनेस करून आणला. तोपर्यंत मी मारुतीला नारळ बोलून बसलो होतो.

परीक्षेच्या मैदानावर चुन्याने मोठा आठ आखलेला होता, आणि एका बाजूला रिव्हर्ससाठी खांब. उमेदवारांत वहिनी एकट्याच बाई. पदर खोचून वर चढल्या. परीक्षा घेणारे साहेब बाजूला बसले, ट्रक निघाला. मी कुंपणाशी उभा होतो. काचेआडून वहिनींचे ओठ सारखे हलताना दिसत होते. आठ नीट झाला. रिव्हर्सला मात्र ट्रक मागच्या खांबाशी, अगदी वीतभर अंतरावर येऊन थांबला. हललाच नाही. एका उमेदवाराने शेजारच्याला टाळी दिली. मग ट्रक हळूच पुढे आला, पुन्हा मागे गेला आणि रेषेत सरळ उभा राहिला.

साहेब उतरून माझ्याकडे आले. "मैडम किससे बात कर रही थीं?"

"जी, गाड़ी से."

"मेरी तो कुछ समझ में नहीं आया," साहेब म्हणाले, "गाड़ी सब समझ रही थी।" आणि त्यांनी पासचा शिक्का मारला.

मी पेढे आणायला धावलो. परत आलो तर वहिनी ट्रकच्या पायरीवर बसून रडत होत्या. रामचरण पाण्याची बाटली धरून बाजूला उभा.

"वहिनी, अब क्या हुआ? हो तो गया!"

"झालं हो. पण नसतं झालं तर?" त्या म्हणाल्या. "पोटाचं नाही म्हणत मी. दोन पोळ्या कुठंही भेटतात. मी बोलली कोणाशी असती, भाऊजी? तुमचे दादा होते तोवर घरात मराठी होती. पोरगी दिल्लीहून फोन करते तो हिंदीत. नातीले तर माझं काही समजतच नाही. दुपारी घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझं तोंड बंद. गाडीत ती पोरं असतात, मोडकंतोडकं का होईना, बोलतात माझ्याशी. तेवढंच आहे माझं."

मी दोन गल्ल्या सोडून राहतो. मराठी मी वाचतो, लिहितो, आईने ती गोडी लावली. पण ऑफिसात, बाजारात आणि आता घरीही तोंडात हिंदीच बसली आहे. त्या सगळ्या हिंडण्यात वहिनी मराठीत विचारत होत्या आणि मी हिंदीत उत्तरं देत होतो, आणि मला वाटत होतं की आमचं बोलणं चाललं आहे. ट्रकच्या कानांची मी टिंगल करत फिरलो. त्या पायरीसमोर उभं राहून मला माझीच फार लाज वाटली.

"वहिनी," मी म्हणालो, आणि पुढचं एवढंसं वाक्य जुळवताना अडखळलो, "संध्याकाळी... चहाला येत जाऊ का तुमच्याकडे? बोलायला?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि पेढ्याचा पुडा माझ्या हातून घेतला.

"या ना," त्या म्हणाल्या. "काहून विचारून राहिले?"