बाळराजांचे पोट आणि पाठमोरा गोळोबा

लेकरांनो, हात जोडा, पण डोळे मात्र उघडे ठेवा. भक्तिभावाने मिटलेल्या डोळ्यांमुळे एकदा काय घडले, तेच आज सांगायचे आहे.

एका जंगलात हत्तींचे राज्य होते. राजाचे नाव भद्रशुंड आणि राणीचे करेणुका. अनेक नवस बोलल्यावर आणि सोळा सोमवार तीनदा केल्यावर त्यांच्या पोटी पुत्र जन्मला. त्याचे नाव चिमणशुंड. बाळराजे चिखलात लोळले, तर प्रजाजन त्या चिखलाचा टिळा लावीत.

सहा महिने बाळराजे आईच्या दुधावर वाढले. रोज सूर्य उगवला की त्यांचे पोट साफ होई. हा नेम इतका चोख होता की वाड्यावरचा कोंबडा आकाशाकडे पाहतच नसे. तो बाळराजांकडे पाही आणि मग आरवे.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरले. लेकरांनो, उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. तुमच्या घरी मामा मांडीवर घेतो, चिमूटभर खीर चाटवतो आणि संपते. राजघराण्यात ते महिनाभर चालायचे.

त्याचे नियम राजपुरोहित धनेशशास्त्री सांगत. धनेश पक्ष्याच्या चोचीवर आणखी एक चोच असल्यासारखे दिसते. त्यामुळे तो बोलतो ते दुप्पट खरे असते, असा जंगलाचा समज होता.

"महिनाभर बाळराजांना केवळ शुभ्र अन्न द्यावे," शास्त्रीबुवा म्हणाले. "तांदळाची खळ, साबुदाण्याची लापशी, कच्च्या केळ्याचे पीठ. घास घट्ट हवा. पाणी वर्ज्य. पाण्याने पुण्य पातळ होते."

"आणि भरवायचे कोणी?" राजाने विचारले.

"साऱ्या प्रजेने. सोन्याच्या वाटीतून. वाटीवर शुभ्र रेशमी वस्त्र असावे. त्याखाली हात घालून, डोळे मिटून, स्तोत्र म्हणत एकेक घास द्यावा. कोणाचाही घास परतवू नये."

झाले! हरणे आली, ससे आले, रानडुकरे सहकुटुंब आली. माकडांची टोळी एकदा भरवून गेली आणि शेपट्या बदलून पुन्हा रांगेत उभी राहिली. प्रत्येकाने डोळे मिटले, प्रत्येकाने घास दिला. बाळराजांना गिळण्यापलीकडे काही काम उरले नाही.

आठवड्याच्या आत त्यांचे पोट थांबले.

एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. बाळराजे कुंथत, लाल होत, पाय पोटाशी घेत आणि सोंड वर करून असे रडत की झाडांची पाने गळत. पोट नगाऱ्यासारखे घट्ट झाले होते. दूधही ते नीट पिईनात. कोंबडा वाट पाहत बसे आणि जंगलात दुपारपर्यंत सकाळ होत नसे.

करेणुका राणी राजाला म्हणाली, "अहो, तुमची स्तोत्रं राहू द्यात बाजूला. माझं लेकरू तळमळतंय. काहीतरी करा."

राजाने दरबार भरवला. राजे लोकांना काहीतरी करायचे असले, की ते दरबारच भरवतात.

प्रथम धनेशशास्त्री उठले. "महाराज, चिंता नसावी. बाळराजांच्या उदरात पुण्याचा संचय होत आहे."

"किती दिवस होणार?"

"संचय म्हटला की मुदत विचारू नये."

मग साळिंदर वैद्य उभे राहिले. ते रोग्याला नेहमी दोन हात अंतरावरून तपासत, कारण जवळ गेले की रोगी ओरडे आणि नेमके काय दुखते ते कळत नसे. त्यांनी अंगावरचा एक काटा उपटला, हवेत धरला, एक डोळा मिटून बाळराजांचे पोट मोजले आणि निदान केले.

"अशक्तपणा! रोज बाहेर काही पडत नाही, याचा अर्थ आत काही पुरत नाही. घास तिप्पट करा. शुभ्रच असू द्या, पथ्य म्हणून."

एवढ्यात मैनावती साळुंकी फांदीवरून उतरली. जंगलातले सगळे निरोप तिच्याकडे येत आणि ती ते पुढे धाडी. खरे की खोटे, हे पाहण्याइतका वेळ तिला कधीच मिळाला नव्हता.

"मला पोपटानं सांगितलं, त्याला घारीनं सांगितलं, घारीनं वरून प्रत्यक्ष पाहिलंय! बाळाच्या शेपटीला पिवळा दोरा बांधायचा आणि हा निरोप अकरा जणांना सांगायचा. जो सांगणार नाही, त्याचंही पोट अडेल!"

दरबार तत्काळ रिकामा झाला. सायंकाळपर्यंत साऱ्या जंगलाने साऱ्या जंगलाला निरोप सांगितला. बाळराजांच्या शेपटीला तीनशे दोरे झाले. पोट तसेच.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दाराशी एक लहानसा काळा जीव आला. तो होता गोळोबा शेणकिडा.

दारावरचा रानगवा गुरगुरला. "ए वाटाण्या, कुठं निघालास?"

"गवाबा, राजघराण्याच्या शेणावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. बाळराजांचं म्हणजे तर लोणी. सहा दिवस झाले, घरात गोळा नाही. सात पोरं आहेत. जरा आत बोलू द्या."

"दरबारात विद्वान बोलतात. तू मागच्या बाजूनं ये. तुझी जागा तीच."

गोळोबा मागच्या बाजूने गेला. तिथे तळ्याकाठी करेणुका राणी बाळराजांच्या पोटावर सोंड फिरवीत बसली होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"आईसाहेब, रागवू नका," गोळोबा म्हणाला. "बाळराजांना खायला काय देता?"

राणीने चमकून पाहिले. सहा दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"तांदूळ, साबुदाणा, कच्चं केळं."

"आणि पाणी?"

"पाण्यानं पुण्य पातळ होतं ना रे."

"पुण्याचं मला ठाऊक नाही, आईसाहेब. पण पातळ व्हायला हवंय ते दुसरंच काहीतरी."

राणीला एवढ्या दुःखातही हसू आले. "अरे, दोन चोची असलेल्या शास्त्र्यांना जे उमगलं नाही, ते तुला कसं उमगलं?"

"मी गोळा ढकलतो तो पाठमोरा, आईसाहेब. डोकं खाली, पाय वर. त्यामुळे कुठं चाललो ते मला कधी दिसत नाही, पण कुठून निघालो ते सारखं दिसत राहतं. जे बाहेर आलं, त्यावरून आत काय गेलं होतं ते मी ओळखतो. या वेळी बाहेर आलंच नाही, म्हणून विचारायला आलो."

"मग काय देऊ?"

"ते पांढरं सगळं थांबवा. पिकलेली पपई कुस्करून द्या. मनुका रात्रभर भिजवा, बारीक वाटा, गाळून द्या. दुधी मऊ शिजवून द्या. अधूनमधून घोट घोट पाणी. तुमचं दूध तर द्याच. आणि उताणं झोपवून पाय सायकल चालवल्यासारखे हलवा."

"सायकल म्हणजे काय?"

"मलाही ठाऊक नाही, आईसाहेब. आमची आजी म्हणायची."

राणी विचारात पडली. "पण पपई केशरी. घास शुभ्र हवा. रांगेतल्या एवढ्या जणांना काय सांगू?"

"सांगायचं कशाला? वाटीवर पांढरं वस्त्र आहे आणि त्यांचे डोळे मिटलेले आहेत."

त्या दिवसापासून सोन्याची वाटी तीच, वस्त्र तेच, स्तोत्र तेच. आत मात्र पपई. राणीने प्रत्येक घासही बोटाच्या पेराएवढा करायला लावला. प्रजा डोळे मिटून येई, मऊ काहीतरी उचली, बाळराजांच्या तोंडात घाली आणि धन्य होऊन जाई. एकदा बाळराजांच्या ओठांवर केशरी ओघळ दिसला. शास्त्रीबुवांनी तो पाहिला आणि गहिवरून म्हणाले, "पाहा, पाहा! मुखावर तेज फाकले!"

तिसऱ्या दिवशी मोठे अनुष्ठान होते. धनेशशास्त्री समोर बसले. मैनावती वर बसली. पुण्याचा संचय किती झाला हे मोजण्यासाठी साळिंदर वैद्य काटा घेऊन बाळराजांच्या मागे, दोन हात अंतरावर, उभे राहिले.

राणीने बाळराजांचे पाय हलवले. बाळराजे थबकले. त्यांनी डोळे विस्फारले, कान ताठ केले, सोंडेची गुंडाळी केली.

आणि गर्जना झाली.

लेकरांनो, दोन हात अंतर त्या दिवशी फार कमी पडले. साळिंदर वैद्य दिसेनासे झाले. नंतर आतून एक काटा वर आला, म्हणून ते सापडले. बाळराजे खदखदून हसले, आईकडे धावले आणि दुधाला लागले. राणीने सोंड आकाशाकडे उचलून देवाचे आभार मानले. कोंबडा इतका सुखावला की लागोपाठ सहा वेळा आरवला.

"अनुष्ठान फळले!" शास्त्रीबुवा ओरडले.

"निदान अचूक ठरले!" ढिगातून आवाज आला.

"तीनशे दोरे!" मैनावती किंचाळली. "सांगा, सगळ्यांना सांगा!"

राजाने तिघांना शाल आणि श्रीफळ दिले. सोन्याच्या वाटीसाठी देऊळ बांधण्याची घोषणा झाली. वाटीत काय होते, हे तेव्हाही कोणी विचारले नाही.

गोळोबा दाराशी येऊन अदबीने म्हणाला, "महाराज, मला शाल नको. जे पडलंय, त्यातला एक गोळा न्यायची परवानगी द्या."

"शिव शिव!" शास्त्रीबुवा गरजले. "तो प्रसाद आहे! त्याची पालखी निघेल!"

आणि खरोखरच निघाली. पुढे टाळ, मागे प्रजा, मध्ये रेशमी वस्त्राखाली तो ऐवज. सारे डोळे मिटून चालले होते, त्यामुळे आघाडीचे ओढ्यात पडले आणि मागच्यांनी तो विधी समजून आपणही उड्या घेतल्या.

रिकाम्या अंगणात गोळोबा एकटा उभा राहिला. राणी त्याच्याजवळ वाकली.

"वाईट वाटून घेऊ नकोस रे बाबा. ती पालखी एका दिवसाची. उद्या सकाळी मागच्या बाजूनं ये. पोरांनाही आण. आता रोज होणार आहे."

गोळोबाने सहाही पायांनी नमस्कार केला. "पपई तेवढी चालू ठेवा, आईसाहेब," म्हणाला आणि पाठमोरा, राणीकडे पाहत पाहत, घरी गेला.

तात्पर्य असे की, बाळाचे पोट अडले तर त्याला खायला काय दिले, हे चुकूनही विचारू नये. विचारले तर कुस्करलेली पपई आणि घोटभर पाणी यांवर काम भागते, आणि मग इतक्या शाली घालायला खांदे कोठून आणायचे? डोळे मिटावेत, दोरे बांधावेत, निरोप अकरा जणांना सांगावा. फक्त विद्वानांसोबत उभे राहायचे झाल्यास बाळाच्या पुढच्या बाजूला उभे राहावे.