अप्पांची गाडी आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं

मी फक्त एक व्हिडिओ बघायचं ठरवलं होतं. एकच. त्यापुढे जे झालं त्याला मी पूर्णपणे जबाबदार नाही (देवयानीच्या मते आहे. देवयानी माझी बायको).

मुळात गाडी माझी नव्हतीच. ती माझ्या सासऱ्यांची, अप्पांची. ठाण्यात टेंभी नाक्यावर राहणारा हा माणूस अकरा वर्षं रोज सकाळी त्या गाडीला फडक्याने पुसत आला. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी स्टिअरिंग सोडलं. गाडी आमच्याकडे कल्याणला आली, पण कागदोपत्री त्यांच्याच नावावर राहिली.

"दसऱ्याला मी येतो, केदारराव," अप्पा म्हणाले. "गाडीची पूजा करू, टिटवाळ्याला गणपतीचं दर्शन घेऊ. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. सगळं ठीक दिसलं की गाडी नावावर करायच्या फॉर्मवर तिथेच सही करतो."

म्हणजे परीक्षा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी या माणसाला माझा निकाल लावता आलेला नाही.

अडचण अशी, की आमच्या सोसायटीचं पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे. वर जायला रॅम्प. गाडीत दोन माणसं असली की ती रॅम्पच्या मध्यावर येऊन दम खायची. मग देवयानी भाजीच्या पिशव्या घेऊन उतरायची, पायी वर पोचायची आणि तिथून "चल, चल, येतेय, येतेय" असा धीर द्यायची. वॉचमन तर खुर्ची रॅम्पकडे फिरवून बसायला लागला होता. अप्पांसमोर हे झालं असतं तर गाडी त्याच दिवशी ठाण्याला परत गेली असती.

व्हिडिओतला माणूस म्हणाला, इंजिन श्वास घेतं. बॉनेटखालची हवा गरम असते. बाहेरची गार हवा द्या, ताकद आपोआप वाढते. मला एकदम पटलं. (पंखा बंद असला की मलाही काम सुचत नाही.) त्याने सांगितलेलं किट अठरा हजारांचं होतं. माझं बजेट तीनशे.

बेसिनखाली लावतात तो लवचीक पाइप मी हार्डवेअरच्या दुकानातून आणला. एक टोक एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडात कोंबलं, दुसरं पुढच्या जाळीपर्यंत नेलं. आता हवा गोळा करायला रुंद तोंड हवं होतं. ते मला स्वयंपाकघरात सापडलं. तेल ओतायचं मोठं नरसाळं! अगदी मापात बसलं. खरं तर मी आतला फिल्टरही काढून टाकणार होतो, पण डब्याच्या चारपैकी एक क्लिप काही केल्या निघेना. बोट चेमटलं, तेव्हा विज्ञान तिथेच थांबवलं.

आणि फरक पडला हो! आवाजात तर नक्कीच. रॅम्पवर गाडी अशी गुरगुरली की वॉचमन उठून उभा राहिला. एका दमात वर चढलीही. (त्या दिवशी देवयानी आणि भाजी गाडीत नव्हती, ही गोष्ट मी लक्षात घेतली नाही.)

"माझं नरसाळं कुठेय रे?" दोन दिवसांनी देवयानीने विचारलं.

"कसलं नरसाळं?" मी म्हणालो. नऊ वर्षांच्या संसारात मी एवढंच एक उत्तर न अडखळता द्यायला शिकलोय.

दसऱ्याला अप्पा सकाळीच हजर झाले. सोबत मनगटाएवढी जाड झेंडूची माळ. गाडीला हळदकुंकू झालं, चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटला. मग त्यांनी ती माळ स्वतःच्या हाताने पुढच्या जाळीवर बांधली, तीन पदरी, घट्ट. मी शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो. जाळीमागे माझं नरसाळं आ वासून बसलंय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"आवाज वेगळा येतोय," वाटेत अप्पा म्हणाले.

"सर्व्हिसिंग करून घेतलेलं, अप्पा."

"कधी?" मागून देवयानी.

टिटवाळ्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले. मी ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितकी ती मंद होऊ लागली. "झेंडूचा वास मात्र छान दरवळतोय," अप्पा म्हणाले आणि गाडी खोकून बंद पडली. चावी फिरवली, ती पुन्हा खोकली आणि गप्प झाली.

अकरा वर्षं अप्पांनी जपलेलं इंजिन मी चार महिन्यांत, तीनशे रुपयांत संपवलं होतं.

नशिबाने समोरच गॅरेज होतं. पण आत सगळे पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, वर फुलं. मालक पोपट नवा शर्ट घालून पेढे वाटत होता.

"आज हत्याराला हात नाय लावत, साहेब. पूजेत आहेत. उद्या आणा."

"नुसतं बघा तरी," मी गयावया केली.

"बघायला काय, बघतो."

पोपटने बॉनेट उघडून आत पाहिलं. मग त्याने पेढ्यांचा बॉक्स बाजूला ठेवला.

"हे काय लावलंय?"

"कोल्ड एअर इनटेक," मी शक्य तितक्या हळू म्हणालो.

"बेसिनचा पाइप आहे ना हा?"

त्याने पाइप हातानेच ओढून काढला आणि उलटा धरला. आतून पाकळ्या पडायला लागल्या. ओंजळभर, मग आणखी ओंजळभर. अप्पा पुढे जाऊन माळ बघून आले. ती निम्मी सोलली गेली होती. सर्वांत शेवटी नरसाळं निघालं. देवयानीने ते उचललं, झटकलं आणि पिशवीत ठेवलं.

"इंजिन?" मी कसंबसं विचारलं.

पोपटने चारही क्लिपा चटाचट बोटांनी उघडल्या. "फिल्टर जागेवर होता म्हणून वाचलात. सगळा कचरा त्याने अडवला. इंजिनाला काय पण झालेलं नाय."

मी तिथल्याच एका जुन्या टायरवर बसलो. दहावीच्या निकालालाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"पण हा फिल्टर बदललेला कधी?" पोपटने पाकळ्यांखालचा काळाकुट्ट चौकोन दाखवला. "चढाला दम लागत असेल ना? ह्यानेच. नवीन टाका, दोन-अडीचशेला येतो."

देवयानीने आणि मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी रस्त्याकडे पाहिलं. "बाहेरून रोज पुसत होतो मी," ते म्हणाले. (व्हिडिओची पहिली पाच मिनिटं मी पळवली होती. त्यात बहुधा हेच सांगितलं असावं.)

पोपटने फिल्टर आपटून झटकला, परत बसवला, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

मग अप्पांनी खिशातून फॉर्म काढला आणि बॉनेटवर ठेवून सही केली. एवढं सगळं होऊनही! मला अक्षरशः भरून आलं. मी हात पुढे केला. फॉर्म माझ्या हाताला वळसा घालून देवयानीकडे गेला. नव्या मालकाच्या रकान्यात अप्पांच्या सुवाच्य अक्षरात तिचंच नाव होतं.

"समजू शकतो, अप्पा," मी मन मोठं करून म्हणालो. "आजचा प्रकार बघून तुम्ही बेत बदललात."

"छे हो, केदारराव! फॉर्म तर मी गणपतीतच भरून ठेवला होता. गाडी पहिल्यापासून तिचीच. तुम्हाला चालवायला लावलं ते एवढ्यासाठीच, की तिला काय काय सांभाळावं लागणार आहे ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."

खरं सांगतो, मला राग नाही आला. उलट हायसंच वाटलं. ज्या परीक्षेसाठी मी एवढा आटापिटा केला, त्या परीक्षेला माझं नावच नव्हतं.

देवयानीने चावी मागितली. "मागे बस. आणि कशालाही हात लावू नकोस."

देवळापर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तिला आरशात दिसतील असे.