पाळणा बिनइस्त्रीचा

मुलुंडच्या हॉलमध्ये नातीचं बारसं. पार्ल्याच्या विहीणबाई नलिनीताई पहिल्या रांगेत येऊन बसल्या, तशी रत्नप्रभाबाईंनी मुलाला कोपराने ढोसलं.

"सर्वेश, माझा पाळणा आधी. त्यांचा नंतर."

दोघी आज्यांनी पाळणा सर्वेशच्याच स्टुडिओत गाऊन ठेवला होता. आपल्यासारखा गळा दुसरीला नाही, हे दोघींचंही म्हणणं. फक्त बाळाच्या नावाची ओळ राहिली होती. नाव ठरवणार आत्या, आणि ऋतिका आत्या बारशाआधी सख्ख्या भावालाही सांगेना. मघाशी एकदाची फुटली, "ओवी!" तेव्हा कुठे दोघींनी ती ओळ मोबाइलवर गाऊन दिली. सर्वेशने ती जोडायला लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहराच उतरला.

"आई, वाट लागली. तुझ्या आवाजावरचं प्लगइन उघडत नाहीये."

"माझ्या आवाजावर काय होतं?"

"थोडी इस्त्री गं. गाणं वाजताना सूर इकडेतिकडे गेला की ते तिथल्या तिथे सरळ करतं."

"माझा सूर कुठे जातो रे मेल्या?"

सर्वेशने विषय बदलला. "सगळ्या स्टुडिओंनी प्लगइनचं नवीन स्टँडर्ड घेतलं, म्हणून परवा मीही घेतलं. जुनी प्लगइन त्यात चालत नाहीत. आणि हे इस्त्रीवालं नव्यात अजून आलंच नाही."

"मिक्सर आणला तेव्हा मी पाटा-वरवंटा फेकला होता का? तुला कसली घाई?"

सर्वेशने अंधेरीच्या स्टुडिओवाल्या विशालला फोन लावला. तो नव्यावर. विशालने बोरिवलीला विचारलं. तेही नव्यावर. आईचा सूर सरळ करणारं अख्ख्या उपनगरात कुणी उरलं नव्हतं. इकडे ओवीने भोकाड पसरलं. बायका ओरडल्या, "अरे, पाळणा लाव ना!"

सर्वेशने डोळे मिटून बटण दाबलं.

पहिल्या ओळीला खालच्या रिक्षावाल्याने मान वर केली. दुसऱ्या ओळीला सूर गच्चीवर चढला, तो तिसरीला जिन्यावरून गडगडत खाली आला. नलिनीताईंनी तोंडाला रुमाल लावला. रुमाल गदगदा हलत होता. रत्नप्रभाबाईंना कुठे बघावं कळेना.

आणि ओवी गप्प झाली. टुकूटुकू बघत राहिली आणि झोपून गेली. जन्मल्यापासून घरात रोज हाच आवाज ऐकत होती ती, बिनइस्त्रीचा.

"बाई बाई, आजीचा आवाज ओळखला पोरीने!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. रत्नप्रभाबाईंची मान ताठ झाली.

"लाव रे आता विहीणबाईंचा."

सर्वेश आईच्या कानाशी लागला. "नको गं. त्यांना तर तुझ्या दुप्पट इस्त्री होती."

तेवढ्यात नलिनीताईच लगबगीने उठल्या. "राहू द्या हो जावईबापू. बाळ झोपलंय."

"छे, छे! मानाचा पाळणा राहील कसा?" रत्नप्रभाबाईंनी त्यांना हात धरून परत खुर्चीत बसवलं. "आवाज मोठा कर रे सर्वेश. आणि त्या विशालला सांग, आई म्हणते, नवीन स्टँडर्ड एकदम झकास आहे. सगळ्यांनी घ्या!"